चित्रकाराचं घरभाडं कोण भरतं? पेगी गुगेनहाइमच्या वारशाची गोष्ट

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र जवळपास ११८ कोटी रुपयांना गेलं. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाच्या चित्राला एवढा भाव आला म्हणून आपल्याकडे आनंद झाला आणि पाठोपाठ प्रश्नही आले. एवढे पैसे देतं कोण? एका चित्रात एवढं असतं तरी काय? आणि यातले हुसेन यांना किती मिळाले?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काहीच नाही. हुसेन २०११ मध्येच गेले. हे चित्र त्यांनी १९५४ मध्ये काढलं, त्याच वर्षी दिल्लीत कामासाठी आलेल्या एका डॉक्टरने ते विकत घेतलं, नॉर्वेला नेलं आणि पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. लिलावाची रक्कम त्या रुग्णालयाची.

आपण अशा बातम्या वाचतो आणि कलेतला पैसा म्हणजे हाच, असं धरून चालतो. पण चित्र घडत असताना लागणारा पैसा वेगळा असतो. तो थोडा असतो, पण महिन्याच्या महिन्याला यावा लागतो, आणि हा माणूस पुढे मोठा होईल याची कुणालाच खात्री नसताना द्यावा लागतो. त्या पैशावर फारसं कुणी बोलत नाही. तो समजून घ्यायचा तर आधुनिक चित्रं जमवणाऱ्या आणि चित्रकारांना हात देणाऱ्या पेगी गुगेनहाइम या अमेरिकी बाईचं आयुष्य पाहावं, कारण तिचे जवळजवळ सगळे हिशेब आज उघड आहेत. आणि पुण्यात ते पाहण्याला एक खास कारण आहे, त्याकडे पुढे येते.

## वारसा होता तरी किती?

गुगेनहाइम घराणं मूळचं स्वित्झर्लंडचं. आजोबा मायर अमेरिकेत गेले, फिरत्या विक्रीपासून सुरुवात केली आणि पुढे खाणी व धातू गाळण्याच्या धंद्यात त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी अफाट संपत्ती केली. पेगीचा जन्म १८९८ चा, न्यूयॉर्कमधला. आईचं माहेर सेलिगमन, तेही पेढीवाल्यांचं घराणं. वडील बेंजामिन यांनी मात्र भावांच्या मुख्य धंद्यातून अंग काढून घेतलं होतं. एप्रिल १९१२ मध्ये ते टायटॅनिकवर बुडाले. पेगी तेव्हा १३ वर्षांची होती.

१९१९ मध्ये ती २१ वर्षांची झाली आणि तिच्या नावावर सुमारे साडेचार लाख डॉलर आले. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही रक्कम प्रचंड होती. पण काका-चुलत भावंडांच्या मानाने ती घराण्यातली गरीब शाखाच. न्यूयॉर्कमध्ये गोल गोल वर जाणारी जी पांढरी इमारत आहे ते गुगेनहाइम म्युझियम काका सॉलोमन यांचं. पेगीचं घर-संग्रहालय व्हेनिसमध्ये आहे. या दोहोंत भल्याभल्यांची गल्लत होते.

तिचा पैसा ट्रस्टमध्ये होता. म्हणजे मुद्दल विश्वस्तांकडे आणि वारसाच्या हातात दरवर्षी त्याचं उत्पन्न. एकरकमी घबाड हाती आलं असतं तर ते विशीतच उडालं असतं, अशी तिची राहणी होती. उलट ठरलेलं उत्पन्न येत राहिलं, म्हणून तिला दुसऱ्यालाही ठरलेलं काही देत राहता आलं. १९२० च्या दशकात ती पॅरिसला गेली. तिथल्या लेखक-चित्रकारांत वावरली, लग्न केलं, दोन मुलं झाली, लग्न मोडलं. या काळात तिने चित्रं फारशी घेतली नाहीत. पण जुना बार्न्स या लेखिकेला ती महिन्याला ठरावीक रक्कम पाठवू लागली आणि हा परिपाठ पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. गॅलरी काढण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

## तिला चित्रांतलं कळत होतं का?

सुरुवातीला नाही, आणि तसं ती मोकळेपणाने सांगतही असे. मग तिने शिकवणी लावली म्हणा ना. मार्सेल द्यूशाँ या चित्रकाराने तिला अमूर्त कला (ओळखीच्या वस्तू न दाखवता रंग-आकारांतूनच बोलणारी) आणि सरियलिझम (स्वप्नातल्यासारखी विसंगत दृश्यं मांडणारा पंथ) यांतला फरक समजावला, चित्रकारांशी गाठ घालून दिली, प्रदर्शनं आखून दिली. जानेवारी १९३८ मध्ये लंडनच्या कॉर्क स्ट्रीटवर तिने गॅलरी उघडली. अमूर्त चित्रकार कँडिन्स्कीचं लंडनमधलं पहिलं एकल प्रदर्शन त्याच वर्षी तिथे भरलं.

याच गॅलरीत तिने एक पद्धत पाडली. प्रदर्शन संपलं की त्यातलं एक तरी काम ती स्वतः विकत घेई. पुष्कळदा दुसरं काही विकलंच गेलेलं नसे. चित्रकार रिकाम्या हाताने घरी जाऊ नये, एवढाच हेतू. जगातल्या उत्तम खाजगी संग्रहांपैकी एक अशा खरेदीतून सुरू झाला. गॅलरी अर्थातच तोट्यात होती. पहिल्याच वर्षी सुमारे ६०० पौंडांची खोट आली.

तेव्हा या कलेला मान किती होता ते एका प्रसंगावरून कळतं. १९३८ मध्येच तिने पॅरिसहून ब्रांकुशी, आर्प, काल्डर वगैरेंची शिल्पं मागवली. कलाकृतीवर जकात नव्हती, पण दगड-लाकडावर होती. जकात अधिकाऱ्यांनी टेट गॅलरीच्या संचालकांचं मत मागितलं आणि त्यांनी ही कला नव्हे असा निर्वाळा दिला. वर्तमानपत्रांत वाद झाला, प्रश्न संसदेपर्यंत गेला, मग कुठे ती शिल्पं शिल्पं म्हणून सुटली. ब्रांकुशीच्या शिल्पांना आज लिलावात काय भाव येतो ते पाहिलं की त्या संचालकांना नावं ठेवावीशी वाटतात. पण त्या क्षणी बहुतेक जाणकार लोक त्यांच्याच बाजूचे होते. आश्रयदात्याचं काम नेमकं अशा वेळी सुरू होतं.

## युद्धात लोक पळत होते आणि ही खरेदी करत होती?

हा आक्षेप तिच्यावर कायम घेतला जातो. १९३९-४० मध्ये पॅरिसमध्ये तिने ठरवलं की रोज एक चित्र घ्यायचं. लंडनमध्ये आधुनिक कलेचं संग्रहालय उभारायचा बेत युद्धामुळे फसला होता. हर्बर्ट रीड या समीक्षकाने त्यासाठी केलेली यादी मात्र तिच्या हातात होती. चित्रकारांना पॅरिस सोडायचं होतं, रोकड हवी होती, भाव पडले होते. या सगळ्या खरेदीचा आकडा ४० हजार डॉलरच्या आसपास सांगतात. एप्रिल १९४० मध्ये हिटलरचं सैन्य नॉर्वेत घुसलं त्याच दिवशी तिने फेर्नां लेजेचं 'मेन इन द सिटी' एक हजार डॉलरला घेतलं. अशा दिवशी ही बाई चित्र घ्यायला आली, याचं लेजेलाच नवल वाटलं.

पडत्या भावाने घेतलं हे खरं, आणि ते लपवायचं कारण नाही. ब्रांकुशीशी तर तिने किमतीवरून चांगलीच घासाघीस केली. पण त्या वर्षी पॅरिसमध्ये दुसरं गिऱ्हाईक होतं कुठे? नाझींच्या लेखी ही चित्रं 'विकृत कला' होती. स्वतःचा संग्रह सुरक्षित ठिकाणी हलवणाऱ्या लूव्र संग्रहालयाने तिच्या चित्रांना जागा द्यायला नकार दिला, कारण ती जपण्याइतकी महत्त्वाची वाटली नाहीत. शेवटी ग्रेनोब्लच्या संग्रहालयाने ती ठेवून घेतली, आणि १९४१ मध्ये चादरी, भांडीकुंडी अशा घरसामानाबरोबर बांधून ती न्यूयॉर्कला रवाना झाली. पेगी स्वतः ज्यू होती, तिलाही निसटायचं होतं. निघताना तिने चित्रकार मॅक्स एर्न्स्टचा आणि सरियलिस्टांचा म्होरक्या कवी आंद्रे ब्रेताँच्या कुटुंबाचा प्रवासखर्च उचलला. अडकलेल्या कलावंतांची सुटका करणाऱ्या समितीलाही पैसे दिले. खरेदी आणि मदत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच पर्समधून चालल्या होत्या, म्हणून तिला निव्वळ संधिसाधू म्हणणं मला पटत नाही.

## महिना दीडशे डॉलर

ऑक्टोबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कला 'आर्ट ऑफ धिस सेंच्युरी' ही तिची गॅलरी उघडली. वास्तुरचनाकार फ्रेडरिक कीस्लरने सरियलिस्ट दालनाच्या भिंती वळवून घेतल्या, चित्रांच्या चौकटी काढून टाकल्या आणि चित्रं भिंतीतून पुढे आलेल्या दांड्यांवर बसवली. लोकांना ती जवळजवळ हातात घेतल्यासारखी बघता येत. उद्घाटनाच्या रात्री पेगीच्या एका कानात काल्डरने तारेतून वळवलेलं लोंबतं डूल होतं. दुसऱ्या कानात ताँगीने खास तिच्यासाठी रंगवलेलं, नखाएवढ्या जागेत अख्खं निसर्गदृश्य असलेलं. एक अमूर्तवाल्यांचं, दुसरं सरियलिस्टांचं. आपण कुठल्याच तटात नाही हे तिला दाखवायचं होतं. जानेवारी १९४३ मध्ये तिने फक्त स्त्रियांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, एकतीस जणींचं. त्यांत फ्रिडा काहलो होती. तेव्हा गॅलऱ्या बायकांची चित्रं क्वचितच लावत.

त्याच वर्षी जॅक्सन पोलॉक नावाचा तिशीतला चित्रकार काका सॉलोमनच्या संग्रहालयात सुतारकाम आणि पडेल ते काम करून पोट भरत होता. निवडीसाठी आलेलं त्याचं चित्र पेगीला मुळीच आवडलं नाही. पण मोंद्रियान हा नावाजलेला डच अमूर्त चित्रकार त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि अमेरिकेत इतकं लक्ष वेधणारं काम आपण पाहिलेलं नाही असं म्हणाला. तिने स्वतःची नावड बाजूला ठेवली आणि करार केला. हा करार नीट समजून घेण्यासारखा आहे.

पोलॉकला महिन्याला १५० डॉलर, म्हणजे वर्षाला १,८००. विक्रीतला तिसरा हिस्सा गॅलरीचा. याचा अर्थ वर्षात २,७०० डॉलरची चित्रं खपली की हिशेब बरोबर. त्याहून जास्त खपली तर वरचे पैसे पोलॉकचे. कमी खपली तर तुटीपोटी पेगीने चित्रं ठेवून घ्यायची.

ऊसतोडीला जाणारा मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि तोडणी करून ती फेडतो, तसंच हे. आधी पैसे, मग काम, शेवटी जमाखर्च. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की उचल फिटली नाही तर मजुराच्या डोक्यावर पुढच्या सालाला चढते. इथे न फिटलेली रक्कम चित्रांत मिटत होती आणि त्या वेळी त्या चित्रांना बाजारात विचारणारं जवळपास कुणी नव्हतं. पोलॉकने सुतारकाम सोडलं आणि दिवसभर रंगवू लागला.

करारासोबतच तिने आपल्या घराच्या प्रवेशकक्षासाठी एक भव्य चित्र करायला सांगितलं. द्यूशाँने सुचवलं की भिंतीवर नको, कापडावर करून घे. घर बदललं तर नेता येईल. कापड साधारण ८ फूट बाय २० फुटांचं. पोलॉकच्या जागेत ते मावेना, तेव्हा त्याने मधली भिंत पाडली. ते त्याने एका रात्रीत रंगवलं अशी दंतकथा आहे. पण लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेत तपासणी झाली तेव्हा दिसलं की खालचे तैलरंग वाळल्यावर वरचे थर दिलेले आहेत, आणि त्याला दिवस लागतात. 'म्युरल' म्हणून ओळखलं जाणारं हे चित्र म्हणजे त्या चित्रकाराने मोठ्या आकाराला घातलेला पहिला हात. पुढच्या अमेरिकी चित्रकलेने तो आकार उचलला. ज्या माणसाला घराचं भाडं कसं भरायचं ही चिंता आहे तो वीस फुटांचं कापड आणून ठेवत नाही. १५० डॉलरांनी काय केलं, ते या आकारात दिसतं.

## पण हे शोषण नव्हे का?

पुढे १९४५ मध्ये नवा करार झाला. महिन्याला ३०० डॉलर, आणि बदल्यात वर्षातलं एक चित्र सोडून बाकी सगळी पेगीची. लाँग आयलंडवर घर घ्यायला तिने २,००० डॉलर उसने दिले, तेही यातूनच फेडायचे होते. पोलॉकच्या पत्नीने, ली क्रास्नरने, हे उसने मिळवायला पाठपुरावा केला होता. ती स्वतः ताकदीची चित्रकार होती, आणि तिच्या कामाकडे पेगीने लक्ष दिलं नाही. स्त्रियांची प्रदर्शनं भरवणाऱ्या बाईबद्दल ही गोष्ट मला खटकते.

आजच्या भावाने बघितलं तर हा करार एकतर्फी आहे यात शंका नाही. खुद्द पेगीला मात्र त्यातून श्रीमंती आली नाही. कित्येक पोलॉक तिने संग्रहालयांना आणि विद्यापीठांना नुसते देऊन टाकले. ते वीस फुटी चित्र आयोवा विद्यापीठाकडे गेलं. २०११ मध्ये ते विकून शिष्यवृत्त्या द्याव्यात असा प्रस्ताव तिथल्या विधिमंडळात आला होता. मोठी ओरड झाली आणि तो मागे पडला. पोलॉक गेल्यानंतर तिने क्रास्नरवर खटलाही भरला, करारातली चित्रं लपवली म्हणून, आणि तो तडजोडीने मिटला. थोडक्यात, आश्रय देणारी व्यक्ती साधुसंत असते असं नाही. ती हिशेबी असू शकते, हट्टी असू शकते.

कराराचा मसुदा अधिक न्याय्य करता येतो. पुढच्या विक्रीत चित्रकाराचा वाटा ठेवता येतो. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये अशी तरतूद आहेच: मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. आपल्याकडच्या बहुतेक तरुण चित्रकारांना हे कलम कुणी सांगितलेलंच नसतं.

## संग्रह एकसंध कसा राहिला?

१९४७ मध्ये तिने न्यूयॉर्कची गॅलरी बंद केली. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात ग्रीसचं दालन रिकामं होतं, कारण ग्रीसमध्ये यादवी चालू होती. तिथे तिचा संग्रह लावला गेला. युरोपातल्या पुष्कळ लोकांनी पोलॉक पहिल्यांदा पाहिला तो तिथे. मग तिने ग्रँड कॅनॉलच्या काठावरचा एक अर्धवट राहिलेला, एकमजली राजवाडा विकत घेतला आणि १९५१ पासून उन्हाळ्यात तो लोकांसाठी खुला केला. येणारे-जाणारे चित्रं बघत आणि ती तिथेच राहत असे.

तिच्यापुढचा खरा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरात असतो तोच होता. माझ्यामागे याचं काय? वारसांत वाटणी झाली की संग्रह संपतो. एक चित्र इकडे, दोन तिकडे, काही लिलावात. तिने १९७० च्या दशकात राजवाडा आणि संग्रह काकांच्या फाउंडेशनला दिला. फाउंडेशन म्हणजे असा न्यास, ज्याची मालमत्ता कुणा व्यक्तीची नसते आणि ठरलेल्या उद्देशासाठीच वापरावी लागते. संग्रह व्हेनिसमध्येच, एकत्र राहावा ही तिची अट होती. डिसेंबर १९७९ मध्ये ती गेली. पुढे तिच्या काही नातवंडांनी पॅरिसच्या न्यायालयांत दावे केले, की आजीने मांडला तसा संग्रह आता राहिला नाही, दुसऱ्यांची चित्रंही तिथे लावली आहेत. न्यायालयांनी ते मानले नाहीत. देऊन टाकल्यावर मांडणीसुद्धा आपली राहत नाही. कुटुंबाला ते लागलं हे मी समजू शकते, तरी न्यायालयांचा निर्णय मला योग्य वाटतो.

याच राजवाड्यात ऑक्टोबर २०१५ ते जानेवारी २०१६ वासुदेव गायतोंडे यांचं प्रदर्शन भरलं होतं. नागपूरला जन्मलेला, मुंबईच्या जे.जे.त शिकलेला, दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये गच्चीवरच्या खोलीत आयुष्य काढलेला चित्रकार. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं एक चित्र ६७ कोटींना गेलं, तेव्हा त्यांना जाऊन २४ वर्षं झाली होती.

## गायतोंड्यांचं भाडं कुणी भरलं?

थोडा भार अमेरिकेतल्या रॉकफेलर घराण्याच्या निधीने उचलला. त्यांच्या शिष्यवृत्तीवर गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले. त्याच्या आधीचा भार मुंबईतल्या एका घराने. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांचा समुद्राकाठचा बंगला होता. भुलाभाई गेले, मग त्यांचा मुलगाही गेला, आणि सून माधुरी देसाई यांनी सोली बाटलीवाला यांच्यासोबत त्या बंगल्याची 'भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट' केली. चित्रकारांना नाममात्र भाड्याने खोल्या. तिथे गायतोंडे होते, हुसेन होते. रविशंकर यांची संगीतशाळा तिथे चालली. अल्काझींची नाटकं गच्चीवर झाली. एका खोलीतला माणूस रंगवतोय, शेजारी सतार चालू आहे, वर तालीम. स्वतःच्या वाट्याच्या घरातून एका बाईने हे केलं, आणि तिचं नाव आज मुंबईतही किती जणांना ठाऊक आहे? पुढे तो बंगला पाडला गेला आणि जागी टोलेजंग इमारत उभी राहिली.

## आपल्याकडे अशा बायका मोजक्याच का?

सुरुवातीला म्हटलं ते पुण्याचं कारण इथे येतं. पेगीला आणि तिच्या बहिणींना वडिलांच्या पैशात वाटा मिळाला. बाई आश्रयदाती व्हायची तर आधी ती वारसदार व्हावी लागते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा आहे हे पक्कं केलं. या तीस वर्षांत हिंजवडी, वाकड, बाणेर, खराडीच्या शेतजमिनींचे कोट्यवधी झाले. आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करत राहिल्या. भावाशी संबंध राहावेत म्हणून, माहेर तुटू नये म्हणून. कुणी सही करावी की नाही हे मी सांगणार नाही. पण त्या सहीबरोबर शहरात काय काय घडलं नाही, हेही मोजायला हवं. कदाचित एखादी तालीम-खोली, एखाद्या चित्रकाराची दोन वर्षं.

## हे सरकारने किंवा कंपन्यांनी करायला नको का?

करायला हवंच, आणि काही प्रमाणात होतंही. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत कला व वारसा आहे. पण कंपनीला अहवाल द्यायचा असतो, तिला किती शाळा, किती रुग्ण असे आकडे सोयीचे पडतात. कुणीही न पाहिलेल्या चित्रकाराला दोन वर्षं भाडं, हे अहवालात बसवणं अवघड. सरकारी समितीतही टेटच्या त्या संचालकांसारखे लोक असतात. प्रामाणिक, अनुभवी, आणि नव्याला ओळखू न शकणारे. एकटी व्यक्ती चुकायला मोकळी असते. पेगीने घेतलेल्यांपैकी पुष्कळ नावं आज कुणाला आठवत नाहीत. त्या चुका तिच्या पैशाने झाल्या म्हणून चालून गेल्या.

श्रीमंतांशिवाय काही होत नाही असंही नाही. १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव पुणेकरांनी तिकीट काढून, भारतीय बैठकीवर मांडी घालून चालवला आहे. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. चष्म्यांचा व्यवसाय असलेल्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, दौती, वाद्यं, वज्री, पितळी अडकित्ते जमवले. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. त्यातला एखादा अडकित्ता जवळून पाहा: सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कारागिराने त्याच्या दोन दांड्यांना एका जोडप्याचं रूप दिलेलं असतं. केळकरांनी उचलला नसता तर तो मोडीत गेला असता. वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा आतल्या अशा वस्तू अजूनही बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात येऊन पडतात.

पण केळकर आणि सवाई यांतून जे उभं राहिलं ते मुख्यतः आधीच घडलेलं जपणं आणि नावारूपाला आलेल्यांना ऐकणं. नवं घडवणाऱ्याला लागणारा महिन्याचा पैसा ही तिसरी गोष्ट आहे, आणि पुण्यात तिची मोठी उणीव आहे.

## करसवलत मिळते का?

थोडीच. अमेरिकेत संग्रहालयाला चित्र दिलं तर त्याच्या किमतीवर करात सूट मागता येते. तिथल्या मोठ्या देणग्यांमागे हे एक कारण असतं. आपल्याकडे ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या देणगीवर आहे, वस्तूवर नाही. नव्या करप्रणालीत व्यक्तीला तीही मिळत नाही. उलट बाजूला, आपल्याकडे वारसाकर १९८५ पासून नाही, त्यामुळे कर चुकवायला संग्रह दान करण्याची गरजही पडत नाही. सार्वजनिक न्यास काढायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावे लागतात, आणि न्यासाची जागा विकायची तर त्यांची परवानगी लागते. हा जाच वाटतो. पण वॉर्डन रोडवरच्या बंगल्याचं जे झालं ते टाळायचा हा एक मार्ग आहे.

## चांगलं काम ओळखायचं कसं?

पेगीने केलं तसं. जाणकाराला विचारायचं, आणि त्याचं मत आपल्या आवडीच्या विरुद्ध गेलं तरी ऐकायचं. पुण्यात अभिनव कला महाविद्यालयाची वार्षिक प्रदर्शनं असतात. घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन आणि बालगंधर्वचं कलादालन आहे. तिथे चित्राशेजारी चित्रकार स्वतः उभा असतो, बोलायला तयार असतो. शिकवणारे मास्तर सांगतात कुणाचं काम वाढतंय आणि कुणी पैशाअभावी जाहिरातीच्या नोकरीत चाललाय. मग एकच माणूस निवडावा. रक्कम लहान चालेल, पण मुदत किमान दोन वर्षांची असावी, कारण पहिलं वर्ष बहुतेकदा फुकट गेल्यासारखं दिसतं. कागद करावा: दरमहा किती, बदल्यात किती चित्रं, पुनर्विक्रीत त्याचा वाटा किती. आणि कागद झाल्यावर त्याने काय रंगवावं यात बोलू नये. मोंद्रियानने अडवलं नसतं तर पेगीने पोलॉकला परत पाठवलं असतं. एकदा करार झाल्यावर मात्र तिने त्याला हे काढ, ते काढू नको असं सांगितलं नाही.